पऱ्हाटी पेटवू नका, तिचा कोळसा करा

कापसाची शेवटची वेचणी झाली की अकोला जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून ती शेतातून काढायलाच हवी. पण काडी लावली की झाडाने हंगामभर हवेतून घेतलेला कर्ब काही मिनिटांत पुन्हा हवेत जातो.

हीच पऱ्हाटी अगदी कमी हवेत, साधारण 400 ते 600 अंश सेल्सिअसला भाजली, तर तिच्यातला जवळपास निम्मा कर्ब कोळशात टिकतो. हा बायोचार. त्यातल्या कर्बाची रचना घट्ट असते, जिवाणूंना ती सहज फोडता येत नाही. शेणखत काही वर्षांत विरते. बायोचार शेकडो वर्षे राहू शकतो. ॲमेझॉन खोऱ्यातल्या प्राचीन वस्त्यांच्या मातीत असा कोळसा आजही सापडतो.

आपली माती काळी, म्हणजे तिच्यात कर्ब भरपूर, हा समज चुकीचा आहे. वऱ्हाडातल्या बहुतेक शेतांत सेंद्रिय कर्ब कमीच आहे. बायोचार मातीत मिसळला तर ही उणीव भरायला मदत होते, शिवाय त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात.

मात्र बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मातीचा सामू आधीच चढा आहे. तिथे बायोचार सरसकट टाकणे मला पटत नाही. नुसता कोळसा सुरुवातीला नत्रही अडकवतो. म्हणून आधी माती तपासून घ्या, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारा आणि शेणखतात मुरवलेला कोळसा पहिल्या वर्षी थोड्याच जागेत वापरून पाहा.