वेगवान छोट्या काडतुसाची रायफल: कोणत्या प्राण्यासाठी योग्य, आणि रानडुकरासाठी का नाही?

हरभरा घाट्यावर आला, मका दुधात आला किंवा भुईमूग शेंगेला लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत उकरून टाकतो. अशा वेळी अनेक शेतकरी मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ पाहतात. दोन-अडीचशे मीटरवर प्राणी, एक बार, आणि प्राणी जागीच आडवा. मग कृषी सहायकाला प्रश्न येतो: "ही बारीक गोळीची जोरदार रायफल आपल्याकडे डुकराला चालेल का?"

थोडक्यात उत्तर असे: चालणार नाही. यामागे तीन कारणे आहेत: गोळीची रचना, आपल्या शिवाराची ठेवण आणि कायदा. ही तिन्ही नीट समजली तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल आणि शेजारच्या वावरात रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा जीवही धोक्यात येणार नाही.

ही काडतुसे कशासाठी तयार झाली?

अमेरिकेत पिकाला किंवा कुरणाला उपद्रव देणाऱ्या छोट्या प्राण्यांना 'वार्मिंट' म्हणतात. त्यात मुख्यतः पुढील प्राणी येतात.

• ग्राउंडहॉग: खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. वजन साधारण २ ते ६ किलो. सोयाबीनची कोवळी रोपे आणि लसूणघास खातो. त्याच्या बिळांत ट्रॅक्टरची आणि गवत कापणी यंत्राची चाके अडकतात.

• प्रेअरी डॉग: हाही खारीच्या कुळातलाच. वजन साधारण १ किलो. कुरणात मोठ्या वसाहती करून राहतो.

• कायोटी: कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला. वजन साधारण १० ते २० किलो. मेंढ्यांची कोकरे आणि कोंबड्या उचलतो.

तिथेही सगळ्यांना सरसकट मारता येत नाही. उदाहरणार्थ, 'युटा प्रेअरी डॉग' ही जात तिथल्या संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहे.

हे प्राणी आकाराने लहान, कातडीने पातळ आणि सावध असतात. माणूस दिसताच बिळात शिरतात. त्यामुळे लांबून, लहान लक्ष्यावर, एकाच गोळीत काम करणारे काडतूस हवे होते. त्यातून बारीक, हलक्या आणि अतिवेगवान गोळीची काडतुसे आली.

नेहमीची काडतुसे आणि त्यांचे आकडे

काडतुसाच्या नावातला .२२ किंवा .२४३ हा आकडा गोळीचा किंवा नळीचा अंदाजे व्यास इंचात सांगतो. गोळीचे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. खालील वेग नळीतून बाहेर पडतानाचे आणि अंदाजे आहेत. गोळी आणि नळीची लांबी बदलली की तेही बदलतात.

• .२२ लाँग रायफल: ४० ग्रेन (२.६ ग्रॅम) गोळी, सेकंदाला सुमारे ३७० मीटर. स्वस्त आणि कमी आवाजाचे. १०० यार्डांच्या (९१ मीटर) आतच उपयोगी.

• .१७ एचएमआर (२००२): १७ ग्रेन (१.१ ग्रॅम), सुमारे ७७५ मीटर. १५० यार्डांपर्यंत छोट्या प्राण्यांसाठी. वाऱ्याने सहज सरकते.

• .२२ हॉर्नेट: ४५ ग्रेन (२.९ ग्रॅम), सुमारे ८२० मीटर. आवाज मध्यम. वस्ती फार दूर नाही अशा ठिकाणी जुने शेतकरी हे वापरत.

• .२२३ रेमिंग्टन (१९६४): ५५ ग्रेन (३.६ ग्रॅम), सुमारे ९९० मीटर. सर्वात जास्त वापरले जाणारे. काडतुसे सहज मिळतात आणि नळी बराच काळ टिकते.

• .२०४ रुगर (२००४): ३२ ग्रेन (२.१ ग्रॅम), सुमारे १,२९० मीटर. धक्का अगदी कमी.

• .२२-२५० रेमिंग्टन (१९६५): ५५ ग्रेन, सुमारे १,१२० मीटर. ३०० यार्डांपुढच्या नेमासाठी. नळी लवकर तापते आणि झिजते.

• .२२० स्विफ्ट (१९३५): ४८ ग्रेन, सुमारे १,२५० मीटर. या वर्गातले जुने आणि अतिवेगवान काडतूस.

• .२४३ विंचेस्टर (१९५५): हलक्या गोळीने छोट्या प्राण्यांसाठी, तर १०० ग्रेनच्या (६.५ ग्रॅम) गोळीने हरणांसाठीही वापरतात.

निवडताना तिथला शेतकरी काय पाहतो?

१) अंतर. .२२ लाँग रायफलचा नेम ५० यार्डांवर बसवला तर १०० यार्डांवर गोळी पाच-सहा इंच खाली लागते. .२२३ चा नेम २०० यार्डांवर बसवला तर १०० यार्डांवर ती दीड-दोन इंच वर आणि ३०० यार्डांवर सुमारे आठ इंच खाली लागते. वेग जास्त असला की गोळी सपाट जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते.

२) वारा. हलकी गोळी वाऱ्याने लवकर सरकते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .१७ एचएमआरची गोळी २०० यार्डांवर सुमारे दीड फूट बाजूला जाते. त्याच अंतरावर .२२३ ची गोळी पाच इंचांच्या आसपास सरकते.

३) नळीची झीज. मोठ्या केसमधली दारू बारीक नळीतून जळते तेव्हा नळीचा सुरुवातीचा भाग झिजतो. .२२-२५० आणि .२२० स्विफ्टमध्ये हे जास्त होते. दिवसभरात खूप बार काढायचे असतील तर .२२३ परवडते.

४) आवाज आणि वस्ती. घरे जवळ असतील तर कमी ताकदीचे काडतूस निवडतात किंवा रायफल बाजूला ठेवून सापळा लावतात.

५) गोळीच्या मागे काय आहे. मागे टेकडी किंवा मातीचा उंच बांध असेल तरच बार काढायचा, हा पहिला नियम.

म्हणजे अनुभवी माणूस वेगाचा आकडा पाहून काडतूस निवडत नाही. प्राणी किती वजनाचा, किती लांब आणि गोळी चुकली तर कुठे जाईल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो काडतूस ठरवतो.

मग हेच काडतूस रानडुकराला का चालत नाही?

या गोळ्यांची रचनाच वेगळी असते. तांब्याचे आवरण पातळ ठेवतात आणि टोकाला बहुतेक वेळा प्लास्टिकची चोच असते. गोळी लागताच पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये तिचे तुकडे होतात. २ किलोच्या प्राण्याला तेवढे पुरते.

पूर्ण वाढलेले रानडुक्कर शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड असते. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट थराची ढाल असते, त्याखाली हाड आणि स्नायू. तिथे ही गोळी वरच्यावरच फुटते. जखम रुंद होते, पण हृदय आणि फुप्फुसापर्यंत पोचत नाही. जनावर पडत नाही, उसात किंवा ज्वारीत घुसते. दुसऱ्या दिवशी तोडणीला किंवा काढणीला गेलेल्या मजुरांवर तेच जखमी डुक्कर धावून जाऊ शकते. नीलगाय तर याहूनही मोठी असते. नर २०० किलोंच्या पुढे जातो.

अमेरिकेतही हा फरक कायद्यात मांडलेला आहे. कोलोरॅडो राज्यात हरीण आणि त्याहून मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलीचा व्यास किमान .२४ इंच लागतो. म्हणजे वरच्या यादीतली .१७, .२०४ आणि .२२ वर्गातली सगळी काडतुसे तिथे हरणालाही चालत नाहीत. मग आपल्या रानडुकराला ती कशी पुरतील?

आपल्या शिवारात गोळी कुठे जाईल?

व्हिडिओतली कुरणे मैलोन्‌मैल रिकामी असतात. आपल्याकडे एक-दोन एकरांचे तुकडे, मध्ये पाणंद, बाजूला वस्ती, गोठा, ऊसतोड कामगारांच्या कोप्या. शिवाय शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते. डुक्कर येण्याची वेळ आणि शेजारी दारे धरायला येण्याची वेळ एकच असते. तो वाकलेला असतो, बॅटरी विझवलेली असते आणि उभ्या पिकात दिसत नाही.

साध्या .२२ लाँग रायफलची गोळीही चुकली तर दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .२२३ ची त्याहून पुढे जाते. पातळ गोळी मातीवर आपटून बहुधा फुटते, पण दगडावर किंवा पाण्यावर ती उसळणारच नाही याची खात्री नसते. ऊस, मका, तूर यांची ताटे गोळी अडवत नाहीत, तिची दिशा मात्र बदलू शकतात. अंधारात, सपाट शिवारात, मागे मातीचा आडोसा नसताना बार काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

कायदा काय सांगतो?

इथे दोन वेगवेगळे कायदे आहेत. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही.

• शस्त्र कायदा, १९५९: पीक संरक्षणासाठी परवान्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. ती मुळात ठासणीच्या बंदुकीसाठी आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटले तर किमान २० इंच नळीची, आत आटे नसलेली दुसरी बंदूक देता येते. आटे असलेल्या नळीची रायफल या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे आणि सबळ कारण दाखवावे लागते.

• वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२: बंदुकीचा परवाना असला तरी शिकारीची परवानगी मिळत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश हातात नसताना गोळी झाडली तर गुन्हा दाखल होतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आदेशाने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता असते. मांस वाटून घेता येत नाही.

आदेश मिळाला तर त्यातील अटी वाचा: कोण मारणार, कुठे, किती दिवसांत. काम प्रशिक्षित नेमबाजाकडून, वन विभागाच्या देखरेखीखाली करून घ्या. आसपासच्या सर्व शेतकऱ्यांना आधी कळवा आणि त्या रात्री शिवारात कोणी जाणार नाही याची खात्री करा.

रायफलीऐवजी काय करावे?

१) नुकसान होताच पंचनामा. उकरलेल्या भागाला हात लावू नका. फोटो काढा, पायांचे ठसे दिसतील असे घ्या. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायकाला लगेच कळवा. भरपाईच्या अर्जाची मुदत थोडी असते, ती त्याच दिवशी विचारून घ्या.

२) सौर झटका कुंपण, शक्यतो गटाने. एकट्याने केले तर कळप शेजाऱ्याकडे वळतो. खालची तार जमिनीपासून जवळ ठेवा, कारण डुक्कर खालून घुसते. तारेखालचे गवत काढत राहा, नाहीतर झटका कमी बसतो. अर्थिंग ओल्या जागी करा. कुंपणावर सूचना फलक लावा.

३) वीज थेट तारेत कधीही सोडू नका. झटका मशीन क्षणभराचे मर्यादित स्पंद देते. थेट लाईन मात्र माणूस आणि जनावर दोघांनाही मारते. गावठी बॉम्बचेही तसेच. त्यात गुरे आणि पोरे सापडतात.

४) पिकाच्या नाजूक अवस्थेत राखण. घाटे, दाणे आणि शेंगा भरताना दोन-तीन आठवडे पाळीपाळीने जागा. कळप बहुधा ठरलेल्या वाटेने येतो. ती वाट शोधून तिथेच दिवे, आवाज आणि कुंपण वाढवा.

५) उंदरांसाठी आमिष. आपल्याकडे पिकाला उपद्रव देणारा छोटा प्राणी म्हणजे शेतातला उंदीर, आणि त्याला रायफल लागतच नाही. दोन-तीन दिवस विष न घातलेले आमिष ठेवून सवय लावा. नंतर भरडलेले धान्य ९६ भाग, गोडेतेल २ भाग आणि झिंक फॉस्फाईड २ भाग असे मिश्रण काठीने ढवळून करा. चालू बिळात आत ठेवून बीळ बुजवा. हातमोजे वापरा, मुले आणि जनावरे दूर ठेवा, मेलेले उंदीर पुरून टाका.

कृषी सहायकांसाठी

शेतकरी रायफलीबद्दल विचारायला आला तर त्याला आधी हे पाच प्रश्न विचारा:

• नुकसान नेमके कोणत्या प्राण्याने केले? ठसे पाहिले का?
• पंचनामा आणि भरपाईचा अर्ज झाला का?
• कळप कोणत्या वाटेने येतो?
• त्या वाटेवर किती शेतकरी एकत्र येऊन कुंपण करू शकतात?
• रात्री आसपास कोण कोण पाणी द्यायला येते?

शेवटच्या प्रश्नावर शेतकरी बहुधा नावे घेतो: चुलत भाऊ, शेजारचा वाटेकरी, कधी स्वतःचा मुलगा. ती नावे वहीत लिहून घ्या आणि मग कुंपणाच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसा.