पिशव्या तीन, सिस्टर एक

पावसाळ्यात हिंजवडी, माण, मारुंजी भागात डेंगीचे पेशंट वाढले की नातेवाईकांची रक्तासाठी धावाधाव सुरू होते. बाळंतपणात जास्त रक्त गेलेल्या बाईला तर एका रात्रीत लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असं तिन्ही लागतं. पिशवी लावणारी सिस्टर पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते, नुकतीच जीएनएम होऊन नोकरीला लागलेली. भोवती सगळे ओरडत असतात, ‘सिस्टर, लवकर लावा!’

गडबड रस्त्यातच सुरू होते. रक्तपेढीतून तिन्ही पिशव्या एकाच बर्फाच्या डब्यात आणल्या जातात आणि शिवाजी चौकातल्या कोंडीत अडकतात. लाल पेशींना २ ते ६ अंश थंडावा लागतो, पण बर्फाला पिशवी थेट चिकटू द्यायची नाही. प्लेटलेटना मात्र २० ते २४ अंश लागतात. त्या बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवल्या तर कामातून जातात. (आपण त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतो, पण त्या वेगळ्या.) म्हणून डबे दोन मागा, कोणत्या डब्यात काय ते विचारा आणि जे लगेच लावायचंय तेवढंच आणा. वॉर्डातल्या साध्या फ्रिजमध्ये रक्त ठेवायचं नसतं. गरम पाण्यात बुडवून ऊबही द्यायची नाही.

आता पोरींनो, तुमच्यासाठी. पिशवी खाटेपाशी नेऊनच तपासा, टेबलावर नाही. ‘तुमचं नाव सुमन ना?’ असं विचारलं की ग्लानीतला पेशंट कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणा. बोलता येत नसेल तर हातातला पट्टा बघा. नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक, मुदत हे दोघींनी मोठ्याने वाचायचं. रात्री वॉर्डात एकटी असाल तर डॉक्टरांना उठवा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

एका वेळी एकच पिशवी. दोन चालू असताना थंडी वाजून आली तर त्रास कोणत्या पिशवीचा हे कळत नाही. रक्तस्राव थांबतच नसेल तर डॉक्टर दोन्ही हातांना लावायला सांगतात. तेव्हा कोणत्या हाताला काय, किती वाजता, हे तिथल्या तिथे लिहा. सेट गाळणीचा, रक्ताचाच हवा. प्लेटलेटला नवा सेट घ्या, लाल पेशी गेलेला नको. त्या नळीतून फक्त नॉर्मल सलाईन जाईल. आरएलमधल्या कॅल्शियमने गाठी होऊ शकतात, डेक्स्ट्रोजने लाल पेशी फुटतात. पिशवीत कोणतंही इंजेक्शन टाकायचं नाही.

लावण्याआधी ताप, नाडी, बीपी घ्या. पहिली १५ मिनिटं हळू सोडा आणि खाटेजवळून हलू नका, कारण चुकीच्या गटाचं रक्त थोडं गेलं तरी घात होतो. हुडहुडी, कंबरदुखी, छातीत दडपण, धाप, अंगावर गांधी, लालसर लघवी यातलं काहीही दिसलं तर आधी पिशवी बंद, मग डॉक्टरांना हाक. सुई काढू नका. नव्या सेटने सलाईन चालू ठेवा. लाल पेशींची पिशवी बाहेर काढल्यापासून ४ तासांत संपली पाहिजे. उरलं तर उरलं.

‘ओ सगळ्यांना चालतं’ हे वाक्य वस्तीत फार ऐकू येतं. ते लाल पेशींपुरतं. प्लाझ्माचं उलट आहे, तिथे सगळ्यांना चालतो तो एबी. आणि १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ दिलं तर जिवावर बेततं. म्हणून रक्तपेढी क्रॉसमॅचसाठी नमुना मागते, वेळ घेते. त्या वेळात खिडकीवर हुज्जत घालू नका.

डेंगीत आकडा एक लाखाच्या खाली गेला म्हणजे लगेच प्लेटलेट लावायच्या असं नसतं. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर तो विचार करतात. कशासाठी लावताय, हे नातेवाईकांनी जरूर विचारावं. पण ती तपासत असताना ‘लवकर’ म्हणू नये. रिॲक्शन आली तर उरलेली पिशवी सेटसकट रक्तपेढीत परत पाठवायची असते, कचऱ्यात नाही. अशा घटनांची देशभर नोंद ठेवायला २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स हा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, आणि त्याचा फॉर्म तुमच्या वॉर्डात कुठे ठेवलाय हे रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना विचारून घ्या.