प्लेबियनांचा कॉन्सल आणि देवाचा कौल

भवानी पेठेतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात रोमचा इतिहास घेतला, तेव्हा एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, "सर, सोलापूरच्या माणसाला रोमशी काय देणेघेणे?" तेरचे उत्तर देता आले असते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर म्हणून येते ते आपल्या शेजारचे तेर. पण खरे उत्तर बाबासाहेबांपाशी आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून छापले. सत्ता केवळ मालमत्तेतून येत नाही, धर्म हाही सत्तेचा उगम असतो, हे समाजवाद्यांना पटवताना त्यांनी रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिला. आपण तो भाषणांतून उद्धृत करतो. त्यामागचा इतिहास मात्र क्वचितच वाचतो.

परंपरेप्रमाणे रोमची स्थापना इ. स. पूर्व ७५३ ची. गंमत अशी, की रोम्युलसने वस्ती वाढावी म्हणून पळून आलेल्यांना, गुलामांनासुद्धा, आसरा दिला असे रोमची स्वतःचीच पुराणकथा सांगते. अशा गावात पुढे काही घराणी 'पॅट्रिशियन' म्हणजे जन्माने श्रेष्ठ ठरली आणि उरलेले प्लेबियन झाले. ५०९ मध्ये राजाला हाकलून प्रजासत्ताक आले, असे मानतात. राजाच्या जागी दरवर्षी निवडलेले दोन कॉन्सल आले. निवडणूक होती, पण कशी? नागरिकांचे १९३ गट होते आणि प्रत्येक गटाला एक मत. त्यांतले १८ गट घोडेस्वारांचे, ८० पहिल्या श्रेणीच्या श्रीमंतांचे, म्हणजे ९८. बहुमत तिथेच झाले! मालमत्ता नसलेल्या सगळ्यांना मिळून एकच गट, आणि त्याची पाळी शेवटी.

प्लेबियन लढाईत मरत होते आणि घरी कर्जापायी सावकाराचे वेठबिगार होत होते. ४९४ मध्ये त्यांनी शहरच सोडले आणि टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला मेनेनियस अग्रिप्पा गेला. त्याने गोष्ट सांगितली : हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला आणि सगळे शरीरच खंगले. पुरुषसूक्त ठाऊक असलेल्या वाचकाला इथे थांबावेसे वाटेल. समाज म्हणजे एक शरीर ही उपमा वरचे लोकच का सांगतात, आणि त्यात पाय होण्याची पाळी नेहमी कोणावर येते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मात्र प्लेबियन नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत. त्यांनी आपले ट्रिब्यून मागून घेतले. अन्यायाचा हुकूम अडवण्याचा हक्क ट्रिब्यूनला होता आणि त्याच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह होता.

पुढचा लढा दोनशे वर्षांचा. ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर कायदा लिहिला गेला. त्यातच पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी घातली. ती ४४५ मध्ये उठली. बेटीव्यवहाराचा प्रश्न तिथेही कॉन्सलपदाच्या आधी सुटला, याकडे लक्ष द्यावे. ३६७ च्या कायद्याने कॉन्सलपद प्लेबियनांना खुले झाले आणि ३२६ मध्ये कर्जाची गुलामगिरी गेली.

बाबासाहेबांचा मुद्दा इथेच येतो. पद मिळाले, पण ते देवतेला मान्य असावे लागे, आणि देवतेचे मन सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन. त्यामुळे प्लेबियन आपला खंबीर माणूस निवडूच शकले नाहीत; पॅट्रिशियनांना चालेल असाच निवडत राहिले. बाबासाहेबांनी डेल्फीच्या कौलाचे नाव घेतले आहे. डेल्फी ग्रीसमधले, रोममध्ये हे काम शकुन पाहणाऱ्या ऑगरांकडे असे. मुद्दा त्याने ढळत नाही, उलट लिव्हीच्या इतिहासात त्याला पुरावाच सापडतो. ३२७ मध्ये मार्कस क्लॉडियस मार्सेलस या प्लेबियनाची डिक्टेटर म्हणून नेमणूक झाली. ऑगरांनी सांगितले, शकुनात दोष आहे. ट्रिब्यूनांनी विचारले : कॉन्सलने दूरच्या छावणीत, मध्यरात्रीच्या शांततेत नेमणूक केली, रोममध्ये बसलेल्यांना तिथला दोष दिसला कसा? डिक्टेटर प्लेबियन आहे, हाच तो दोष. नेमणूक तरीही रद्द झाली.

प्लेबियनांना मर्म कळले असावे. ३०० मध्ये ओगुल्नियस बंधूंनी कायदा करून पुरोहितमंडळांचीच दारे उघडली. नऊ ऑगरांपैकी पाच प्लेबियन झाले. देवळात प्रवेश मागणे वेगळे आणि कौल सांगण्याचा अधिकार मागणे वेगळे. २८७ मध्ये प्लेबियन सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक झाले.

पण याच काळात रोम पसरत होते. आधी इटली, मग कार्थेजशी युद्धे. १४६ मध्ये कार्थेज आणि कॉरिंथ दोन्ही बेचिराख झाली. शेतकरी शिपाई वर्षानुवर्षे परदेशी, मागे त्याचे शेत पडीक. श्रीमंतांच्या मळ्यांवर जिंकून आणलेले गुलाम राबू लागले. वर गेलेल्या प्लेबियन घराण्यांनी तोवर पॅट्रिशियनांशी सोयरीक करून नवा उमराववर्ग बनवला होता; त्यांना मागच्यांची आठवण राहिली नाही. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस याने सरकारी जमिनीवर कमाल मर्यादा घालून उरलेली गरिबांना वाटायला घेतली. तो स्वतः याच उमराववर्गातला. सिनेटरांनी त्याला बाकांच्या मोडक्या पायांनी ठेचून मारले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे तेव्हाही धर्मद्रोहच होता, आणि त्या जमावाच्या पुढे होता स्किपिओ नासिका, रोमचा मुख्य पुरोहित.