केंद्रक गेले कुठे?

एक उकडलेले अंडे घ्या आणि सुरीने आडवे कापून त्याच्या पाच-सहा चकत्या करा. मधल्या चकत्यांत पिवळा बलक दिसेल. टोकांच्या चकत्या मात्र नुसत्या पांढऱ्या असतील. टोकाची चकती पाहून कोणी ‘या अंड्यात बलकच नाही’ म्हणाले, तर तुम्ही हसाल. पण सूक्ष्मदर्शकाखाली यकृताची काचपट्टी पाहताना पुष्कळांची नेमकी हीच चूक होते. ‘काही पेशींत केंद्रक नाही’ असे ते वहीत बिनधास्त लिहितात!

जरा हिशेब करू. (मी पदार्थविज्ञान शिकवणारा, हिशेबाची खोड जात नाही.) यकृताची पेशी साधारण २५ मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे एका मिलिमीटरात अशा ४० पेशी ओळीने मावतील. काचपट्टीवरील काप असतो सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा. तेव्हा एका पेशीचे पाच काप झाले. केंद्रकाचा व्यास ७ मायक्रोमीटर धरला, तर ते दोन, फार तर तीन कापांत सापडेल. उरलेल्या कापांत पेशी आहे, केंद्रक नाही. खरोखरच केंद्रक नसलेली पेशी पाहायची असेल, तर रक्तातील पक्व तांबडी पेशी पाहावी.

इतका पातळ काप कशासाठी? जाड तुकड्यात पेशींवर पेशी येतात आणि प्रकाशही नीट आरपार जात नाही. पण ओली, मऊ ऊती अशी कापणार कशी? म्हणून तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, अल्कोहोलने त्यातील पाणी काढतात, मग झायलीन आणि शेवटी वितळलेले मेण त्यात मुरवतात. मेण थिजले की मायक्रोटोम यंत्राच्या पात्याने काप निघतात. तरीही लगेच काही दिसत नाही. ग्लिसरिनमध्ये बुडवलेली काचकांडी जवळजवळ दिसेनाशी होते ना? अपवर्तनांक जुळले की कडा हरवतात. पेशींचेही तसेच होते. म्हणून रंग द्यावा लागतो. हेमॅटॉक्झिलिनने केंद्रक निळे-जांभळे होते, इओसिनने पेशीद्रव गुलाबी.

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता या चार प्रकारच्या ऊती तुम्हाला पाठ असतील. त्या ओळखताना मात्र पाते कोणत्या दिशेने फिरले, हे आधी विचारा. भेंडी आडवी चिरली तर पंचकोनी चकती मिळते, उभी चिरली तर बियांची रांग. कंकाल स्नायूचे तंतू उभ्या कापात आडव्या रेघांचे लांब पट्टे दिसतात. आडव्या कापात तेच वाटोळे किंवा बहुकोनी ठिपके होतात आणि केंद्रके त्यांच्या कडेला असतात.

घर्मग्रंथीची गंमत तर आणखी मोठी. ती असते एकच वेटोळी नळी, पण कापात दिसतात जवळजवळ बसलेली अनेक सुटी वर्तुळे. जिलेबी मधोमध उभी कापून तिच्या कापलेल्या कडेकडे पाहा, म्हणजे हे लगेच पटेल.

रुग्णाच्या ऊतीचा तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांनाही हे भान ठेवावे लागते. कर्करोगाच्या पेशी तुकड्याच्या एकाच कोपऱ्यात असू शकतात. पहिल्या कापात काही आढळले नाही आणि तरी शंका उरली, तर ते त्याच मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप मागवतात.