गाभा धरायला वेळ लागतो

नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत किनवटकडे निघाले की इस्लापूरच्या आसपास सागाचे रान लागते. सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला निघालेली मंडळी त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. पण आपल्या जुन्या घरांचे खांब, तुळया, चौकटी उभ्या राहिल्या त्या याच झाडाच्या भरवशावर.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. ओल मुरली की बुरशीचे तंतू आत शिरतात आणि लाकूड पोखरून त्याचा भुगा करतात. सागाच्या गाभ्यापुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही. खोड जाड होऊ लागले की मधल्या पेशी पाणी वाहण्याचे काम सोडतात आणि मरता मरता तिथे संरक्षक रसायने साठतात. सागात ती क्विनोन गटातली; शिवाय रबरासारखा एक पदार्थ पाण्याला अटकाव करतो. युरोपातल्या ओकने हेच काम टॅनिनवर सोपवले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. मुंबईत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

पण हे सारे कौतुक गाभ्याचे. भोवतीच्या पांढुरक्या भागात ही रसायने नसतात. असते ते पिष्ट आणि साखर. बुरशीला आणि किड्यांना ते आयतेच जेवण! कोवळ्या झाडात हाच भाग अधिक.

नव्वदच्या दशकात सागाच्या रोपांवर भरघोस परतावा देऊ म्हणणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. मी तेव्हा बँकेत होतो. निवृत्तीच्या, मुलीच्या लग्नाच्या ठेवी मोडायला लोक यायचे. “साहेब, झाड काय, वाढणारच की!” म्हणायचे. झाड वाढते, पण गाभा आपल्या मुदतीनेच धरते. घाई ठेवीदाराला असते. १९९९ मध्ये ‘सेबी’ने अशा योजनांसाठी नियम केले, तोवर अनेकांची पुंजी बुडाली होती.

आज घर बांधणाऱ्याने एवढे तरी करावे. ‘सागवान’ या नावावर पैसे मोजू नयेत. रंग चढण्याआधी चौकटीचे कापलेले टोक पाहावे. सोनेरी-तपकिरी किती आणि पांढुरके किती, ते तिथे उघड दिसते. पांढुरके जास्त असेल, तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला ती चौकट लावू नये.