आधी हाक, मग अग्नी : केडगाव, १९०५

संजीवनाची कथा बहुतेकदा एकाच क्रमाने सांगितली जाते. आधी काही अद्भुत घडते, माणसे रडतात, पापे कबूल करतात, आणि त्या भरात कुणाला तरी वाटते की आता आपले आयुष्य प्रभूच्या सेवेला द्यावे. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात १९०५ च्या जूनमध्ये जे घडले, त्याचे वृत्तान्त वाचताना हा क्रम उलटा दिसतो. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींपुढे सरळ प्रश्न ठेवला : शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस जणी पुढे आल्या. जायचे कबूल केल्यावर त्या रोज एकत्र जमून प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांचे मागणे एकच होते : या कामाचे सामर्थ्य आम्हांला दे. संजीवन आले ते या प्रार्थनेच्या मागोमाग. मिनी एब्रम्स या मुक्तीतल्या अमेरिकन सहकारी बाईंनी हा क्रम लिहून ठेवला आहे, आणि तो माझ्या मते संजीवनाच्या पहाटे दिसलेल्या अग्नीइतकाच मोलाचा आहे.

या मुली कोण होत्या? बहुतेक जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. जाण्याआधी त्यांची पावले अडखळली होती, कारण दुष्काळ म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पुराणिक. सारे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करत पुराण सांगत हिंडले, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे गेली. उरलेली भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी उत्तरेकडे चालत राहिली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरायला काही नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. हे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. ज्या बाईने अशी रात्र काढली होती, तिला मदतछावणीतल्या उपाशी पोरीकडे पाहताना वेगळ्या आकाशवाणीची गरज नव्हती. छावण्यांभोवती पोरींना फूस लावून नेणारी माणसे घिरट्या घालत होती, हेही त्यांनी पाहिले आणि उघडपणे छापले.

त्या फेरीत सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा त्यांच्याबरोबर आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात एवढी माणसे ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला रमाबाईंनी शंभर एकर जमीन घेतली होती. शारदा सदन या त्यांच्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेला मिळणारी अमेरिकेतली मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती. ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी हा त्यामागचा हिशेब. त्या मोकळ्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. १८९८ च्या सप्टेंबरात मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. मग १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुलींचे आणखी तांडे आले आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडे! चूल, दळण, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना, शाळा, अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग. ब्रेल रमाबाईंची कन्या मनोरमा हिने शिकून घेतली होती. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळे होते. संजीवनाबद्दल बोलताना या सगळ्याचा उल्लेख सहसा पुरवणीसारखा येतो. मला तो आधी सांगावासा वाटतो, कारण प्रार्थना करणारे हात दिवसभर याच कामात असत.

रमाबाईंना स्वतःला पाचारण कधी झाले, याचे एकच उत्तर देता येत नाही. कोलकात्याला १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत पटकीने पतीही गेले. पुण्यात येऊन १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला. इंग्लंडला वाँटेजच्या मठवासिनींकडे राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती चरित्रकार इथे थांबायला उत्सुक असतात. रमाबाई थांबल्या नाहीत. पुढे, १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत, त्या निःसंकोचपणे सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायचा होता. त्यासाठी आणखी आठ वर्षे जावी लागली.

त्या भेटीला निमित्त झाले विल्यम हॅस्लम यांचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे पुस्तक. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधले अँग्लिकन पाळक. १८५१ मध्ये बाल्ढू इथल्या आपल्याच देवळात, आपलेच प्रवचन करत असताना त्यांचे परिवर्तन झाले, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने पाळकाचा पालट झाल्याची आरोळी ठोकली. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना धर्म शिकवणाऱ्या माणसाला आपणच अजून दाराबाहेर आहोत हे कळणे, ही गोष्ट विद्वत्तेची पदवी मिरवणाऱ्या बाईला नेमकी भिडली, यात नवल नाही. रमाबाईंना धर्मशास्त्र कमी पडत नव्हते. वेदान्त, अँग्लिकन पंथाचे सिद्धान्त, ब्राह्मो मत, सगळे त्यांनी तपासून पाहिले होते, आणि वाँटेजच्या मंडळींशी त्रैक्यावरून पत्रांतून कडाडून भांडल्याही होत्या. त्यांना हवी होती निश्चिती, आणि ती त्यांना एका साध्या माणसाच्या कबुलीत मिळाली.

या निश्चितीची किंमत पुण्यात मोजावी लागली. शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलले. गोदूबाई नातू, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केलेल्या बाया कर्वे, इथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. संस्थेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. ‘केसरी’ने यावर टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. या वादात पुणेकरांची बाजूही समजून घ्यायला हवी. परकीय राज्यात, परकीय पैशावर चालणाऱ्या घरात आपली विधवा लेक धर्म बदलेल ही धास्ती खोटी नव्हती. तरीही एक प्रश्न उरतोच : त्या लेकींना शिकवायला आणि पोटाशी धरायला तोवर किती घरे पुढे आली होती? दार लावून प्रार्थना करा, असा तडजोडीचा सल्ला रमाबाईंना मान्य होण्यासारखा नव्हता, आणि इथून त्यांचा रस्ता पुण्याच्या सुधारकांपासून कायमचा वेगळा झाला.

मग लोणावळ्याचे ख्रिस्ती शिबिर. शारदा सदनातल्या पंधरा मुली विश्वासात आल्या होत्या. पहाटे रानात एकट्या प्रार्थनेला बसलेल्या रमाबाईंनी देवाकडे या आकड्याचा वर्ग मागितला. पंधराचे दोनशे पंचवीस. मागताना त्यांना स्वतःलाच ते अशक्य वाटले असणार, कारण इतक्या मुली ठेवायला जागाही नव्हती. दुष्काळ आला, आणि आकडा भरला. हे उत्तर कुणाच्या दुःखातून आले ही टोचणी या प्रसंगात आहे. रमाबाईंना ती जाणवली नसेल असे मला वाटत नाही. त्यांच्या दुष्काळावरच्या लिखाणात विजयाचा सूर कुठेही नाही.

आता पुन्हा केडगावच्या संजीवनाकडे. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये संजीवन सुरू झाले. त्याच्या केंद्रस्थानी इव्हान रॉबर्ट्स हा सव्वीस वर्षांचा, कोळशाच्या खाणीत काम केलेला तरुण होता. वेल्श मिशनऱ्यांमुळे ते लोण १९०५ मध्ये खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांत पोचले. त्याआधी मनोरमा आणि मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियाला जाऊन आल्या होत्या. मेलबर्नमध्ये घरोघरी चालणाऱ्या प्रार्थनागटांची माहिती त्यांनी आणली होती. जानेवारी १९०५ मध्ये मुक्तीत सत्तर जणींचा गट प्रार्थनेला बसू लागला. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. त्यांतच त्या तीस जणींची वेगळी बैठक.

२९ जूनची पहाट, साडेतीनचा सुमार. एका मोठ्या मुलीला जाग आली. शेजारच्या मुलीच्या अंगावर तिला आग दिसली. ती खोलीच्या पलीकडे धावली, पाण्याची बादली उचलून आणली आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले की पोर जळत नाही. ती मुलगी रडत होती, प्रार्थना करत होती, बाकीच्यांना पश्चात्ताप करा म्हणून विनवत होती. तासाभरात सारे आवार जागे झाले. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, आणि मुली इतक्या मोठ्याने प्रार्थना करू लागल्या की त्यांना बोलणे थांबवावे लागले. पुढे दिवसचे दिवस शाळा बंद राहिली. मुली चोरलेल्या वस्तू परत करत होत्या, भांडणे मिटवत होत्या.

बादलीचा तपशील मला फार खरा वाटतो. दृष्टान्त पाहणारी ही मुलगी गुडघे टेकून बसली नाही. दुष्काळ पाहिलेली, दोन हजारांच्या वस्तीत वाढलेली पोर, आग दिसताच पाण्याकडे धावली. तिने काय पाहिले याचा निवाडा मी करू शकत नाही, करू इच्छितही नाही. पण साक्ष म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवीन.

या संजीवनावर टीका झाली, आणि ती मुख्यतः ख्रिस्ती मंडळींकडूनच झाली. एवढा आरडाओरडा, एकाच वेळी शेकडो कंठांची प्रार्थना, डोलणे, टाळ्या; पुढे काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. शिस्तीच्या उपासनेत वाढलेल्या मिशनऱ्यांना हे हिस्टेरिया वाटले. रमाबाईंचे उत्तर संयमी पण ठाम होते. पाश्चात्त्यांची शांतता हीच पवित्र आत्म्याची एकमेव रीत आहे असे कुठे लिहिले आहे? हिंदी माणूस दुःख करताना मोठ्याने रडतो, भजन करताना टाळ्या वाजवतो. त्याने देवापुढे मात्र परक्या देशाच्या चालीने वागावे हा आग्रह त्यांना पटत नव्हता. त्याच वेळी अन्य भाषांत बोलणे ही प्रत्येकीची कसोटी आहे असेही त्यांनी कधी मानले नाही. रमाबाई पाहत होत्या तो मुलींच्या वागण्यातला फरक.

तो फरक रस्त्यावर दिसू लागला. सुमारे सातशे जणींनी प्रार्थनेच्या आणि सुवार्तेच्या टोळ्यांत नाव दिले आणि पाळीपाळीने रोज साठेक जणी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. १९०५ मधले दौंड-पाटसकडचे खेडे डोळ्यांपुढे आणा. विधवा, अनाथ, कुणी अस्पृश्य मानलेल्या जातीतली, कुणी गुजरातेतून आलेली, अशा तरुण पोरी एकत्र चालत गावात शिरतात आणि चावडीजवळ उभ्या राहून बोलतात. त्यांचा संदेश कुणी घेतला, कुणी हाकलून दिला असेल. पण अशी बाई बोलते आणि गाव ऐकते, हा प्रसंग त्या गावांत आधी किती वेळा घडला असेल? स्त्रीशिक्षणाच्या आपल्या इतिहासात या टोळ्यांना जागा नाही, कारण त्या ‘धर्मप्रचार’ या कप्प्यात पडतात. आणि ख्रिस्ती इतिहासात त्या ‘संजीवन’ या कप्प्यात पडतात, तिथे त्यांची जात, भूक आणि वय गळून जाते. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० मध्ये रमाबाईंचे मराठी चरित्र लिहिले, मीरा कोसंबींनी त्यांचे लिखाण नव्याने वाचकांपुढे आणले. तरीही सुधारक रमाबाई आणि भक्त रमाबाई अजून दोन वेगळ्या बायकांसारख्या वावरतात.

महाराष्ट्राबाहेर मात्र केडगावचे नाव वेगळ्याच वाटेने पोचले. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत त्यांनी शिकागोतल्या प्रशिक्षणशाळेतल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूव्हर हिला पाठवली. मे आणि तिचा नवरा विलिस त्या वेळी दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात मेथडिस्ट मंडळी सांभाळत होते. पुस्तिका १९०७ मध्ये तिथे पोचली, मंडळी प्रार्थनेला लागली, १९०९ मध्ये तिथेही संजीवन झाले आणि पुढच्याच वर्षी हूव्हर मेथडिस्ट चर्चपासून वेगळे झाले. चिलीतल्या पेंटेकॉस्टल चर्चचा उगम सांगताना केडगाव टाळता येत नाही. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर सुरू झालेल्या सभा या जागतिक चळवळीचा एकमेव उगम मानल्या जात. केडगावचे संजीवन त्या सभांच्या दहा महिने आधीचे आहे.

पाचारणाला आपल्या मातीतले उत्तर कसे द्यायचे, हा प्रश्न त्याच काळात नारायण वामन टिळकांनाही छळत होता. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे उत्तर स्वतःच्या वेळेने, १९०० मध्ये दिले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचलेल्यांना ती मधली पाच वर्षे काय होती हे सांगायला नको. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत ही त्यांची कल्पना. दोन वर्षांत ते गेले, आणि प्रयोग अर्धा राहिला. रमाबाईंनी अशी कल्पना मांडली नाही, त्यांची वस्तीच रोज असे उत्तर देत होती.

संजीवनाची लाट ओसरल्यावर रमाबाई कशात गुंतल्या हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले होते, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. या भाषा त्या उतारवयात शिकल्या. ऐकू कमी येत होते, तरी काम जवळजवळ अठरा वर्षे चालले. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते वाचता यावे हा त्यांचा हट्ट होता. जुळणी आणि छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून होत होती. टाइपांच्या पेटीपुढे उभी राहून खिळे उचलणारी मुलगी बहुधा काही वर्षांपूर्वी मदतछावणीत कुणाच्या तरी पायाशी बसलेली असेल. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मागे, १९२४ मध्ये केडगावहून प्रकाशित झाले.