बुटात लपवलेले पैसे

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. खेळण्याचे पैसे न घेणाऱ्या क्लब्सची मॅच बघायला किती लोक येतील? १९५१ साली लंडनच्या वेम्बलीवर तब्बल एक लाख आले होते! एफए अमॅच्युअर कपची फायनल. पेगाससने बिशप ऑकलंडला २-१ हरवलं.

इंग्लंडमधल्या हौशी क्लब्सची ही राष्ट्रीय स्पर्धा १८९३-९४ च्या सीझनला सुरू झाली. बिशप ऑकलंडने ती सगळ्यात जास्त, म्हणजे १० वेळा जिंकली. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर याच क्लबचे तीन खेळाडू मँचेस्टर युनायटेडच्या मदतीला गेले होते.

मग एवढा मोठा कप बंद का पडला? कारण तिकिटांचे पैसे क्लबकडे यायचे, पण खेळाडूला द्यायला बंदी. मग काही क्लब गुपचूप त्याच्या बुटात पैसे ठेवायचे. 'हौशी' हा शब्द नावापुरता उरला. शेवटी एफएने हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. १९७४ मध्ये बिशप्स स्टॉर्टफर्डने इलफर्डला ४-१ हरवलं, आणि कप संपला.

ढोंग संपलं, हे बरंच झालं. पण जे खरंच फुकट खेळत होते, त्यांचाही कप गेलाच ना?